खालची साय

आमच्या संस्थेत जेवढी भांडणं प्लास्टिकवरून झाली, तेवढी सुट्ट्यांवरूनही झाली नसतील. एका बाजूला कायम काचताई असायच्या आणि दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा मी.

मी तिथला कारकून. आमच्याकडे माणसाच्या मेंदूवर काम चालतं. ज्यांनी जिवंतपणी तसं लिहून दिलेलं असतं, त्यांचे मेंदू मृत्यूनंतर आमच्याकडे येतात. दानाचे अर्ज भरून घेणं, घरच्यांना पत्रं लिहिणं, नळ्यांवर लावायच्या चिठ्ठ्या छापणं आणि लागेल ते सामान मागवणं ही माझी कामं. माझ्या नाकावर कायम राग असतो, हे मीच आधी सांगून टाकतो. बत्तीस वर्षं लोकांच्या अर्जांतले अर्धवट रकाने बघितले की कुणाच्याही नाकावर तो येऊन बसेल.

काचताई प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं, पण ते बघायला कुणी जात नसे. मी नोकरीला लागलो त्या पहिल्याच वर्षी काचेच्या नळ्यांऐवजी प्लास्टिकच्या मागवल्या. हलक्या, फुटण्याची भीती नाही, झाकणं घट्ट. मला वाटलं, बाई माझी पाठ थोपटतील. बाई एक छोटी बाटली घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. आधी खिडकी उघडली. मग माझ्या पेनांच्या प्लास्टिकच्या डबीतून एकेक पेन काढून शिस्तीत बाजूला ठेवलं आणि रिकाम्या डबीत बाटलीतलं पाण्यासारखं काहीतरी ओतलं. डबीचा तळ माझ्या डोळ्यांदेखत मऊ झाला, सुरकुतला आणि टेबलाला चिकटून बसला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "हे असं माझ्या नळीत विरघळणार. मग यंत्र मला माणसाचा मेंदू दाखवेल की तुमची डबी?"

टेबलावरचा तो डाग अजून आहे. काचताई हे नाव त्या दिवशी मीच ठेवलं. चिडून ठेवलं होतं, पण त्यांना ते आवडलं आणि माझा सूड वाया गेला. घरीही त्यांचं सगळं काचेतच असायचं, साखरेपासून सुया-बटणांपर्यंत. त्यांचे यजमान वीजजोडणीची कामं करायचे, ऐकायला जरा कमी यायचं. ते म्हणत, "हिच्या घरात मी चोवीस तास चवड्यांवर चालतो."

त्या नेमकं काय करतात हे मला पुढची बरीच वर्षं ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची हौसही नव्हती. एकदा चिठ्ठ्या द्यायला आत गेलो, तर मान वर न करता त्या म्हणाल्या, "आता आलात तसे उभे राहा. दार उघडू नका, वाऱ्यानं हात हलतो." मला परत फिरता येईना. म्हणून नाइलाजाने मी ते काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलं.

उणे ऐंशी अंशांच्या शीतपेटीतून काढलेला हरभऱ्याएवढा तुकडा होता. बर्फात रोवलेल्या काचेच्या कुपीत तो टाकून, काचेच्याच दांड्याने त्यांनी तो क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलमध्ये घोटला. मग गाळला, थोडं मिठाचं पाणी घातलं, नळी हलवली आणि गरगर फिरणाऱ्या यंत्रात ठेवली. यंत्र थांबलं. नळी बाहेर आली तेव्हा तिच्यात दोन थर होते. दोन्ही नितळ, आणि दोघांच्या मधे पांढरी पातळ चकती तरंगत होती.

"सांगा बघू," त्या म्हणाल्या, "मेंदूतली चरबी कुठल्या थरात गेली असेल?"

"वरच्या," मी म्हटलं. "दुधावर साय येते तशी."

"सगळे हेच सांगतात. मीही हेच सांगितलं होतं. क्लोरोफॉर्म पाण्यापेक्षा जड. तो तळाशी बसतो आणि चरबीला सोबत घेऊन बसतो. घरी साय वर, इथं साय खाली."

मग त्यांनी लांब, बारीक नाकाची काचेची नळी घेतली, तिच्यातून एक बुडबुडा सोडत सोडत ती वरच्या थरातून आणि त्या चकतीतून अलगद खाली उतरवली आणि तळाचा थर ओढून घेतला. चकती जागची हलली नाही. घेतलेला थर त्यांनी दुसऱ्या नळीत सोडला आणि त्यावर नायट्रोजनची बारीक फुंकर लावून ठेवली. अर्ध्या तासाने सगळं उडून गेलं आणि नळीच्या तळाशी, काचेवर बोट टेकल्यावर उमटतो तेवढा चकाकता डाग राहिला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. माणूस यावर उभा असतो, भाऊ."

मला वाटलं, बाईंनी वाक्य टाकलं. मला वाक्यं टाकणारी माणसं आवडत नाहीत. खात्री करून घ्यायला मी आमच्या प्रमुख मॅडमकडे गेलो. त्या हातातलं काम सोडून समजावून सांगणाऱ्या आहेत. काम अडतं, पण माणूस शहाणा होतो.

मेंदूतलं पाणी काढून टाकलं, तर उरलेल्यात निम्म्याच्या आसपास ही चरबीच असते, असं त्या म्हणाल्या. पोटावर साठते ती नव्हे. प्रत्येक पेशीभोवती एक पापुद्रा असतो, तो या चरबीचा बनलेला. रेणूंच्या दोन रांगा, शेपट्या आत आणि डोकी बाहेर, बस. जाडी विचारली, तर त्यांनी माझ्या हातातला अर्ज दाखवला. या कागदाच्या जाडीत असे वीस हजार पापुद्रे मावतील. आणि एका मेंदूतल्या पेशींचे सगळे पापुद्रे उलगडून पसरले, तर फुटबॉलची तीन-चार मैदानं झाकली जातील असा एक अंदाज आहे.

"सगळे निरोप या पापुद्र्यावरूनच जातात," मॅडम म्हणाल्या. "त्यात लहान लहान दारं बसवलेली असतात. पापुद्रा तेलासारखा वाहता असला, तर दारं सरकतात, उघडतात, मिटतात. काही चरब्यांच्या शेपट्या वाकड्या असतात, म्हणून रेणू एकमेकांना खेटून गच्च बसत नाहीत. वय वाढलं की त्या वाकड्या शेपट्यांच्या चरब्या मेंदूच्या काही भागांत कमी होताना दिसतात. पापुद्रा ताठ होत जातो."

"आणि म्हणून माणूस विसरतो?"

"तेच तर शोधतोय. त्यामुळे विसरतो, की विसरण्याबरोबर तेही होतं, की दोन्हींचं कारण तिसरंच आहे? अजून पक्कं कुणालाच सांगता येत नाही. ताईंच्या नळ्यांतून सांगता आलं, तर येईल."

त्या संध्याकाळी बसमध्ये मी समोरच्या लोकांच्या डोक्यांकडे बघत बसलो होतो. एकजण डुलक्या घेत होता, एक बाई पिशवीत किल्ली शोधत होत्या. प्रत्येकाच्या डोक्यात तीन-चार मैदानं घडी घालून ठेवलेली, तीही अशा पापुद्र्याची की ज्याला मी कागदसुद्धा म्हणू शकत नाही. आणि त्यावर त्या बाईंची किल्ली कुठे आहे ते लिहिलेलं. मला खरंच हात जोडावेसे वाटले, पण बसमध्ये लोक काय म्हणतील म्हणून जोडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मी प्लास्टिकचं नाव काढलं नाही.

काचताईंना हे काम मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे त्यांच्या आधीचे मुख्य तंत्रज्ञ, शाळेत कधी शिकवलं नव्हतं, पण समोरच्याला शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ताई बाविसाव्या वर्षी आल्या त्या नळ्या धुवायला. मास्तरांनी त्यांचे हात बघितले आणि महिन्याभरात घोटायला बसवलं. पहिल्याच आठवड्यात ताईंनी आठ नळ्यांमधला वरचा थर जपून ठेवला आणि खालचा सगळा टाकून दिला. आठ माणसांची साय गेली.

मास्तर ओरडले नाहीत. ताई सांगायच्या, ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एक लाकडी स्टँड आणला, थंड कपाटाच्या मधल्या फळीवर ठेवला आणि नियम केला: आज जे टाकायचं ते उद्या टाकायचं. आपला थर काढून घेतल्यावर उरलेली नळी तशीच झाकण लावून त्या स्टँडमध्ये ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता रिकामी करायची. मास्तर त्याला पश्चात्तापाचा स्टँड म्हणत. "पश्चात्ताप सकाळी होतो," ते म्हणायचे, "तोवर माल शिल्लक पाहिजे."

छत्तीस वर्षं काचताईंनी तो नियम पाळला आणि छत्तीस वर्षांत त्या स्टँडची एकदाही गरज पडली नाही. मास्तर निवृत्त झाले तरी स्टँड तिथेच. मला त्या स्टँडचा भारी राग. थंड कपाटात जागा नाही म्हणून नवीन सामान दारात पडलेलं असायचं, आणि मधली फळी अडवून बसलेल्या कुणाच्या तरी धुवायच्या नळ्या. गेल्या वर्षी शेवटी मी एक सूचनापत्र टाइप केलं: वापर झालेल्या सर्व नळ्या रोज संध्याकाळी पाच वाजता रिकाम्या कराव्यात. फक्त मॅडमची सही व्हायची होती.

मास्तरांचा दानाचा अर्ज मी भरून घेतला होता, त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी. शेवटी एक रकाना असतो, काही विशेष सूचना असल्यास. तो त्यांनी रिकामा सोडला. मी नेहमीप्रमाणे टोकलं.

"सूचना कशाला?" ते म्हणाले. "मी असेनच की तिथे."

पुढे काही वर्षांनी मास्तर विसरू लागले. आधी पाव तासाच्या अंतराने तीच गंमत दोनदा सांगायचे. मग घराची वाट. मग घरातली माणसं. काचताई पंधरा दिवसांनी एकदा त्यांच्याकडे जायच्या. एकदा मीही गेलो होतो, एका कागदावर त्यांच्या मुलीची सही हवी होती म्हणून. मुलगी शाळेत गणित शिकवते. तिनं वडिलांपुढे दुधाचा पेला ठेवला. मास्तरांनी चमचा सरळ तळाशी नेला आणि तिथे ढवळून काहीतरी शोधू लागले.

"बाबा, साय वर आहे," मुलगी म्हणाली.

"खाली," मास्तर म्हणाले. "वरचं टाकू नका. उद्या."

मुलगी आमच्याकडे वळून म्हणाली, "रोज असंच. मला वाटायचं दुधात काही पडलंय."

काचताई त्यांच्या जवळ जाऊन बसल्या. मास्तरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "बाई, आपण कुठल्या?"

जिना उतरताना काचताई एका पायरीवर थांबल्या. "माझं नाव गेलं, भाऊ. थर राहिला."

दोन वर्षांपूर्वी मास्तर गेले. त्यांचा मेंदू आमच्याकडे आला. अर्धा स्लाइड्ससाठी, अर्धा शीतपेटीत. आमच्याकडे नळीवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. कुणाचा क्रमांक कुठला याची यादी माझ्या कुलूपबंद कपाटात असते आणि सगळी मोजणी संपेपर्यंत ती कुणालाही दाखवायची नसते, मॅडमनासुद्धा नाही. काम करणाऱ्याला माणूस कळला, तर हात पक्षपात करतो म्हणून. मास्तर एकशे बेचाळीस होते. काचताईंना एवढंच ठाऊक होतं की या अभ्यासासाठी निवडलेल्या साठ क्रमांकांपैकी एक मास्तर आहेत.

"मी विचारणार नाही," त्या मला म्हणाल्या, "आणि तुम्ही तोंड उघडू नका. कळलं तर माझा हात कापेल."

मी तोंडाला कुलूप लावलं. पण चिठ्ठ्या छापणारा मीच. ज्या दिवशी एकशे बेचाळीसची चिठ्ठी छापली, त्या दिवशी चार वेगवेगळ्या माणसांच्या चार नळ्या होत्या. मेंदूचा जो भाग आठवणींशी जास्त जोडलेला आहे तो मुळात लहान, आणि मास्तरांचा त्यातला शेवटचा तुकडा त्या दिवशी घोटला जाणार होता. त्यानंतर मास्तरांचं त्या भागातलं काही उरणार नव्हतं.

काचताईंच्या घरी तेव्हा त्यांची मुलगी आणि तिचं तीन महिन्यांचं बाळ राहायला होतं. बाळ दिवसभर शांत आणि अंधार पडला की जागं. ताई आठवडाभर नीट झोपल्या नव्हत्या. सगळ्यांचं दूध तापवायचं, साय काढून वेगळी ठेवायची, मग धावत बस पकडायची, असं त्यांचं चाललेलं.

दुपारी तीनला त्यांचा फोन आला. "भाऊ, नायट्रोजनची टाकी संपली वाटतं. नळ्या वाळत नाहीत."

मी जाऊन बघितलं. टाकी निम्मी भरलेली होती. तसं सांगितलं, तर बदलून द्याच म्हणाल्या. कुरकुरत बदलून दिली. पाच वाजले तरी चारही नळ्या ओल्याच. ताईंनी गॅस मंद करून त्या तशाच ठेवल्या आणि घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी लवकर आलो, कारण मॅडम लवकर येणार होत्या आणि मला सूचनापत्रावर सही घ्यायची होती. कागद हातात घेऊन प्रयोगशाळेवरून जात होतो. दार उघडं होतं. काचताई स्टुलावर बसल्या होत्या, पर्स अजून खांद्यालाच. समोर त्या चार नळ्या. वाळल्या होत्या, पण तळाशी तो चकाकता डाग नव्हता. पांढरी भुकटी होती.

"मीठ आहे," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"मी वरचा थर काढून घेतला, भाऊ. चारही नळ्यांमधला. वरचा. पाणी होतं, म्हणून वाळत नव्हतं. आणि मी टाकी बदलायला लावली." त्या थांबल्या. "चूक झाली त्याचं नाही. पण मला तो थर काढताना आठवतच नाहीये. सगळं आठवतंय, घोटल्याचं, गाळल्याचं. ते एवढंच आठवत नाही."

त्या काय विचार करतायत ते उघड होतं. मास्तरांचंही असंच, एका लहानशा गोष्टीपासून सुरू झालं होतं.

"मास्तरांचं घर गेलं आणि ही जागा राहिली," त्या म्हणाल्या. "माझं उलट दिसतंय. ही जागा गेली, घर राहिलं. सकाळी दुधावरून काढते, तसा हात वर गेला."

माझ्या डोक्यात एकच क्रमांक वाजत होता, आणि तो मला बोलता येत नव्हता. मी म्हटलं, "आणि खालचं? ते कुठं आहे?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. पावणेदहा वाजले होते. त्या इतक्या हादरल्या होत्या की स्वतः छत्तीस वर्षं रोज केलेली गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. उठून त्यांनी थंड कपाट उघडलं. मधल्या फळीवर पश्चात्तापाचा स्टँड, आणि त्यात चार नळ्या, झाकणं घट्ट, प्रत्येकीवर त्यांच्याच अक्षरात टाकणे असं लिहिलेलं. आत पांढरी चकती, आणि तिच्याखाली नितळ थर, जसाच्या तसा.

चौदा वर्षांपूर्वी नोकरीतून गेलेला, घर विसरलेला, स्वतःच्या मुलीला विसरलेला आणि आता या जगात नसलेला माणूस त्या फळीवरून स्वतःला सांभाळत होता. बाविसाव्या वर्षीच्या एका मुलीच्या चुकीसाठी त्यानं केलेला नियम अठ्ठावन्नाव्या वर्षी तिला पुरा पडला होता. आणि तो नियम मोडायचा कागद माझ्या हातात होता. मी तो कागद खिशात घातला आणि नंतर बारीक बारीक तुकडे करून टाकला. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलो नाही.

"भाऊ, तुम्हाला वेळ आहे?" ताईंनी विचारलं. "इथं बसा. मी नळी खाली नेली की मोठ्यानं सांगायचं, कुठला थर आहे तो."

माझ्या टेबलावर अर्जांचा ढीग होता. मी बसलो. ताईंनी पहिली नळी हातात घेतली, बुडबुडा सोडत काचेचं नाक खाली नेलं आणि थांबल्या.

"खालचा," मी म्हटलं.

दुसरी. "खालचा." तिसरी एकशे बेचाळीस होती. मी चिठ्ठीच वाचत राहिलो. ताईंना वाटलं मला शंका आहे, म्हणून त्या हात तसाच धरून थांबल्या. "खालचा," मी म्हटलं, "खालचाच." मग चौथी. अर्ध्या तासात चारही नळ्यांच्या तळाशी तो चकाकता ठसा उमटला. एका माणसाचं आयुष्य ज्यावर लिहिलं गेलं आणि पुसलं गेलं, त्यातला एक बोटभर डाग. तीन मैदानांतला एवढासा कोपरा. मी आयुष्यात कशाकडे इतका वेळ बघितलेलं नाही.

चारी नळ्या शीतपेटीत ठेवून काचताई मॅडमकडे गेल्या आणि सगळं सांगितलं. लपवायची सोय होती. आम्ही दोघंच होतो आणि नुकसान काही झालं नव्हतं. पण त्यांनी सांगितलं, आणि वर स्वतःच म्हणाल्या, "माझी परीक्षा होईपर्यंत मला नळीला हात लावू देऊ नका." मॅडमनी आधीच्या सगळ्या नळ्यांचे आकडे त्याच दिवशी पुन्हा तपासले. सगळीकडे चरबीच होती, मीठ कुठेच नव्हतं.

आमच्याच मजल्यावर शेवटच्या खोलीत स्मरणशक्तीची चाचणी होते. दान करणाऱ्यांना दरवर्षी तिथे बोलावतात, पत्रं मीच पाठवतो. यावेळी पत्र पाठवायचं नव्हतं, त्या दारासमोरच्या बाकावर मीच त्यांच्याबरोबर बसलो. तासाभराने त्या बाहेर आल्या.

"दहा शब्द सांगितले आणि मधे दुसरंच बोलत बसले," त्या म्हणाल्या. "मग विचारले. आठ आले."

"मला सहा आले नसते," मी म्हटलं. हे खरं होतं.

"घड्याळ काढायला लावलं. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले. वयाच्या मानानं सगळं ठीक आहे म्हणे. झोप झालेली नाही, एका चुकीवरून काही ठरत नाही. पुढच्या वर्षी या."

"मग झालं तर."

"काय झालं? पुढच्या वर्षी या म्हणाले, भाऊ." त्या हसल्या, पण डोळे हसले नाहीत. "म्हणजे मलाही आता उद्यापर्यंत स्टँडमध्ये ठेवलंय."

त्या कामावर परत आल्या. फरक एवढाच पडला की आता रोज कुणीतरी शेजारी बसून थर कुठला ते मोठ्यानं सांगतं. नवीन लागलेली मुलगी सांगते, ती रजेवर असली की मी. बाळ आता झोपायला लागलंय असं ताई सांगतात. त्यानंतर वरचा थर कधी निघाला नाही.

चार महिन्यांनी साठही क्रमांकांची मोजणी संपली आणि मी कपाट उघडून यादी मॅडमच्या हातात दिली. मोठ्या खोलीत पडद्यावर यंत्राचे आलेख होते. प्रत्येक क्रमांकाची शेकडो टोकं. एकेक टोक म्हणजे एकेक प्रकारची चरबी. मॅडम क्रमांक आणि नाव वाचत होत्या. एकशे बेचाळीस आला. त्यांनी नाव वाचलं आणि मग शेवटचा तुकडा घोटल्याची तारीख.

तारीख ऐकून काचताईंची मान माझ्याकडे वळली. त्या चार नळ्यांची तारीख त्या विसरणार नव्हत्या.

मॅडमनी आलेखावर दाखवलं. वाकड्या शेपट्यांच्या चरब्यांची दोन टोकं मास्तरांच्यात बसकी होती. शेवटपर्यंत तल्लख राहिलेल्या त्याच वयाच्या लोकांच्यात ती उंच होती. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, साठांवरूनही घाईनं बोलू नये, असं त्या दोनदा म्हणाल्या. काचताई उठून पडद्यापाशी गेल्या आणि त्या बसक्या टोकांवरून बोट फिरवलं. बोटाची सावली आलेखावर पडली.

"मास्तर," त्या म्हणाल्या. आणि मग, "केवढे आहेत."

खरंच केवढे होते. भिंतभर पसरले होते. त्या डागातून हे सगळं निघालं होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही खालचा, खालचाच म्हणालात, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि गप्प बसलात."

"तुम्हीच कुलूप लावलं होतंत."

त्या पुढे चालू लागल्या. माझ्या टेबलापर्यंत आल्या, समोरची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "एक अर्ज द्या."

मी दिला. नाव, वय, घरातली माणसं, यजमानांची संमती उद्या आणते म्हणाल्या. मी रकान्यांवर नजर ठेवून होतो, पण तेवढा सोडून एकही रकाना अर्धवट राहिला नाही. विशेष सूचनांच्या रकान्याशी त्या थांबल्या. लोक तिथे बहुतेक काही लिहीत नाहीत. लिहिलं तर चेहरा झाकावा असं लिहितात, किंवा घरच्यांना लवकर सोडावं असं. काचताईंनी जपून, नळ्यांवर लिहायच्या त्या बारीक अक्षरात लिहिलं:

नळी काचेची वापरावी. साय खाली असते. वरचं उद्यापर्यंत ठेवावं.

तो रकाना अशा गोष्टींसाठी नाही, हे मी बत्तीस वर्षं लोकांना सांगत आलोय. मी अर्ज त्यांच्या हातातून घेतला, पुन्हा एकदा वाचला आणि शिक्का मारला.